लग्नासाठी केटरर, फोटोग्राफर, कार्यालय ठरवताना काय दिसलं की सावध व्हावं?

आमच्या घरातल्या लग्नांची बुकिंगं बहुतेक माझ्याकडेच येतात, त्यामुळे सांगतो. जास्त दर सांगणाऱ्याची मला भीती वाटत नाही, भीती वाटते ती "होऊन जाईल ओ, टेन्शन घेऊ नका" म्हणणाऱ्याची. काय काय देणार ते लिहून द्या म्हटलं की जो विषय बदलतो तिथून सरळ उठायचं.

फोटोग्राफरच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसगत होते. इन्स्टावर रील बघून आपण भाळतो, पण त्या दिवशी कॅमेरा कोणाच्या हातात असणार हे विचारत नाही. मोठ्या मुहूर्ताला एकच स्टुडिओ एकाच तारखेची तीन-चार लग्नं घेतो आणि बाहेरची पोरं पाठवतो. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात आलेल्या पोरांना विधींचा क्रमच माहीत नव्हता, कानपिळीच्या वेळी दोघंही जेवायला बसलेले, तो फोटो आमच्याकडे नाहीच, आणि भावाला त्याचं अजून वाईट वाटतं. म्हणून येणाऱ्याचं नाव लिहून घ्या आणि निवडक फोटो नको, एका लग्नाचा पूर्ण अल्बम दाखवा म्हणा. दाखवत नसेल तर समजून जा.

केटररला विचारा, कमीत कमी किती ताटांचे पैसे लागणार, ताटं कोण मोजणार, वाढपी किती, बँडवाले आणि फोटोवाल्यांची जेवणं धरलीत का. मोजायला आपला एक माणूस उभा राहणार म्हटल्यावर जो चिडतो तो नको. एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्न परवान्याचा, १४ अंकी नंबर मागा, तो ऑनलाइन तपासता येतो. आणि चव त्यांच्या ऑफिसात नाही, चालू असलेल्या कार्यात बघायची.

कार्यालयाचं भाडं कमी दिसलं तर उरलेलं कुठून काढतात ते बघा. बाहेरचा केटरर आणला तर रॉयल्टी, लाइटचं बिल युनिटवर, जनरेटर, सफाई, वर जीएसटी, हे सगळं धरून आकडा मागा. ताबा किती वाजता मिळणार आणि त्याच दिवशी दुसरं कार्य आहे का हेही. रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर लावायला कायद्याने बंदी आहे, तरी "आपलं सेटिंग आहे" म्हणणारा मॅनेजर असेल तर पोलीस आले की तोच गायब होतो.

पैशाचं म्हणाल तर सगळी रक्कम आधीच मागणं, पावती न देणं, यूपीआयवर भलत्याच माणसाचं नाव येणं, "आज नाही दिलं तर तारीख जाईल" अशी घाई करणं, यातलं एक जरी दिसलं तरी थांबा.

फसलात तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पण तिथेही पुरावा लागतो. त्यामुळे फोनवर ठरलं की लगेच तारीख, वेळ, रक्कम, काय काय देणार आणि तारीख रद्द झाली तर किती परत, असं सगळं व्हॉट्सॲपवर टाका, समोरून "ओके" येईपर्यंत ॲडव्हान्स पाठवू नका, मग मामांच्या ओळखीचा असला तरी.