‘मला बीपी आहे’ आणि नाडीचे ठोके

ठाण्यात नौपाड्याला राहणाऱ्या एका ताईंनी दोन शंका विचारल्या आहेत. रक्तदाब प्रत्येक जिवंत माणसाला असतो, मग ‘मला बीपी आहे’ हे वाक्य चुकीचे मानावे का? आणि छातीत धडधडू लागले की ‘बीपी वाढलं’ म्हणतात, ते बरोबर आहे का?

पहिले वाक्य मी चुकीचे मानत नाही. ‘ताप’ म्हणजे मुळात उष्णता, आणि ती सर्वांच्याच अंगात असते; तरीही ‘त्याला ताप आहे’ म्हटल्यावर ती प्रमाणाबाहेर वाढली आहे, असाच अर्थ आपण घेतो. ‘शुगर आहे’, ‘थायरॉइड आहे’ ही वाक्येही त्याच साच्यातली आहेत. लिहिताना मात्र ‘उच्च रक्तदाब’ असे स्पष्ट लिहावे, कारण ज्यांचा दाब उतरतो तेही ‘बीपीचा त्रास’ असेच सांगतात.

दुसरा शब्दप्रयोग मात्र टाळावा, कारण छातीत धडधडतात ते ठोके; दाब ही वेगळी गोष्ट आहे. मासुंदा तलावाकाठी सकाळी फिरून आलेल्या एका काकांनी बाकावर बसल्या बसल्या दंडाला पट्टा बांधून घेतला, तेव्हा मी शेजारीच होतो. यंत्रावर एकाखाली एक १३२, ८४ आणि ९६ असे आकडे उमटले आणि काका घाबरून म्हणाले, “खालचं बीपी शहाण्णव!” खालचा दाब होता ८४, ९६ हे मिनिटाला पडणारे ठोके होते, आणि नुकत्याच चालून आलेल्या माणसाचे ते वाढलेले असणारच. विश्रांतीच्या वेळी प्रौढांचे ठोके साधारण ६० ते १०० असतात.

या गोंधळाला ‘वरचं’ आणि ‘खालचं’ हे शब्दही कारण आहेत, असे मला वाटते. ते शरीराचे भाग नव्हेत, कागदावरच्या जागा आहेत: हृदय आकुंचन पावताना धमनीत असणारा दाब वर लिहितात, ते सैल पडताना उरणारा खाली. ‘एकशेवीस बाय ऐंशी’ यातल्या ‘बाय’चाही भागाकाराशी संबंध नाही.

‘नाडी’ म्हणजे संस्कृतात नळी, म्हणून रक्तवाहिनी. त्यामुळे ‘नाडीचे ठोके’ ही द्विरुक्ती नव्हे. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या धमनीला शार्ङ्गधरसंहितेत ‘जीवसाक्षिणी’ म्हटले आहे, आणि मला हा शब्द फार आवडतो. दाब मोजण्याच्या कामीही हीच साक्ष उपयोगी पडली. इटलीचे रिव्हा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये दंडावर पट्टा फुगवण्याची रीत मांडली. मनगटावरची नाडी बोटांना लागेनाशी झाली की पारा जितका चढलेला असे, तो वरचा दाब. पुढे १९०५ मध्ये रशियाचे कोरोतकोव यांनी पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकण्याची रीत सांगितली, तेव्हा खालचा दाबही सहज कळू लागला. म्हणून दाब आजही पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगतात, आणि ठोके मात्र नुसते मोजतात.

तेव्हा ताई, डॉक्टरांना फोनवर कळवताना “बीपी शहाण्णव” असे न सांगता “दाब एकशेबत्तीस-चौऱ्याऐंशी, ठोके शहाण्णव, आत्ताच चालून आले” असे सांगावे.