वाचक विचारतात : शिलालेखावर खडू फिरवावा का?

प्रश्न : कार्ल्याच्या चैत्यगृहात (लेण्यातल्या बौद्ध प्रार्थनागृहात) खांबांवरची ब्राह्मी अक्षरं फोटोत उमटत नाहीत. खडू किंवा पीठ चोळलं तर चालेल का? – एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : अजिबात नको. खडूची पूड दगडाच्या बारीक छिद्रांत बसते, ती पुसताना अक्षरांच्या कडा झिजतात. पाणी मारणंही तितकंच वाईट. शिवाय खडू ओढणारा हात त्याला दिसेल तीच रेघ गिरवतो. खरी वेलांटी राहते बाजूला आणि पुढचा वाचणारा फसतो.

सोपा उपाय उजेडाचा. मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा. सोबत्याला बॅटरी भिंतीलगत, जवळजवळ समांतर धरायला सांगा; कोरीव रेघांत सावली भरते आणि ‘धेनुकाकट’ हे खांब दान करणाऱ्यांचं गाव लख्ख वाचता येतं. डावीकडून, उजवीकडून, वरून असे तीन-चार फोटो घ्या, कारण उजेडाच्या दिशेतच असलेली रेघ एका फोटोत हरवते. खांबाला टेकू नका, हाताचा घाम-तेल दगड काळा करतं. छतातल्या लाकडी कमानी मूळच्या आहेत, त्यामुळे आत उदबत्तीही नको.

कागदी ठसा (अक्षरांवर कागद दाबून घेतलेली छाप) परवानगीशिवाय घेऊ नये. नाव कोरणाऱ्यांसाठी प्राचीन स्मारकांच्या 1958च्या कायद्यात, 2010च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे.