नागपुरात ह्युमिडॉरमधली (सिगार ठेवायच्या लाकडी पेटीतली) आर्द्रता 55 टक्क्यांच्या वर जात नाही, कोणता ह्युमिडिफायर घेऊ?

कोणताही घेऊ नका. तुमचं लाकूड कोरडं आहे. नव्या ह्युमिडॉरच्या आत लावलेलं स्पॅनिश सीडरचं लाकूड आधी स्वतः पाणी पितं आणि त्याचं पोट भरल्यावरच आतल्या हवेला ओल मिळते. त्यात नवतप्याच्या दिवसांत आपल्याकडची दुपारची हवा म्हणजे लाकडातलं उरलंसुरलंही ओढून घेणारी.

आता कोणीतरी सांगेलच की आतून ओल्या फडक्याने पुसून घ्या. हा सल्ला मला मनापासून खटकतो. पुसल्यावर वरचा थर फुगतो, आतलं लाकूड कोरडंच राहतं, फळी वाकते आणि झाकण नीट बसेनासं होतं. एकदा झाकणाला फट पडली की आत काहीही ठेवा, आर्द्रता टिकत नाही. त्याऐवजी पेटी रिकामी करून त्यात बोव्हेडा कंपनीची, आर्द्रता ठरावीक आकड्यावर राखणारी 84 टक्केवाली पाकिटं ठेवा. 25 सिगारच्या जागेला 60 ग्रॅमचं एक, असा हिशोब. झाकण लावून 14 दिवस उघडू नका. तोवर सिगार हवाबंद डब्यात राहू द्या.

त्याआधी हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) तपासा, कारण 55 हा आकडाच खोटा असू शकतो. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन पाण्याचे थेंब टाका. ते ओल्या वाळूसारखं व्हायला हवं, विरघळता कामा नये. ते हायग्रोमीटरसोबत झिपच्या पिशवीत 24 तास बंद ठेवा. काटा 75 वर यायला हवा. 70 दाखवला तर पुढे प्रत्येक वेळी 5 मिळवायचे.

स्पंजवाला ह्युमिडिफायर फक्त ओल देतो, परत घेत नाही. जुलैत खोलीचीच आर्द्रता 80 च्या पुढे गेली की त्याचा उपयोग शून्य, वर बुरशीची भीती. दोन्ही बाजूंनी काम करणारी पाकिटंच आपल्या हवेला चालतात. ती दगडासारखी कडक झाली की बदला. स्पंजच वापरायचा असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला आणि पावसाळ्यात तो काढून ठेवा.

सिगारसाठी आर्द्रता किती ठेवायची म्हटलं की सगळे 70-70 करत बसतात, मी नागपूरकरांना 65 च सांगेन. 70 हा आकडा 18 ते 21 अंशांसाठी आहे. कूलरच्या खोलीत पारा सहज 30 वर असतो, आणि साधारण 25 च्या पुढे तंबाखूतल्या किड्यांची अंडी फुटू लागतात. सिगारवर टाचणीएवढी भोकं दिसली तर सगळा माल बंद पिशवीत घालून 3 दिवस फ्रीजरमध्ये, मग 1 दिवस खालच्या कप्प्यात ठेवा आणि त्यानंतरच बाहेर काढा. थेट बाहेर काढलात तर वरचं पान तडकेल. एरवी मात्र फ्रीजमध्ये साठवू नका. तिथली हवा कोरडी असते आणि फोडणीचा वास सिगारला लागतो.

पेटी पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका. आतल्या खोलीतल्या कपाटाचा खालचा खण बरा.

आणि हो, सिगार दहा-बाराच असतील तर लाकडी पेटीची गरजच नाही. रबरी कडेचा हवाबंद प्लॅस्टिकचा डबा आणि 65 चं एक पाकीट पुरे.