पिक्चरमधलं बोलणंच ऐकू येत नाही, नवीन स्पीकर घेऊ का?

प्रश्न : आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो, हॉल 12 बाय 14 चा. दिवाळीत 5.1 होम थिएटर (पाच स्पीकर आणि खालच्या, घुमणाऱ्या आवाजाचा एक सबवूफर) घेतलं, दुकानाचा माणूस जोडून गेला. पण पिक्चर लावला की कोण काय बोलतंय ते आईला कळत नाही, आवाज वाढवावा तर मारामारी आली की खिडक्यांची तावदानं थडथडतात. सेंटर स्पीकर टीव्हीखालच्या शोकेसमध्ये आहे, सबवूफर कोपऱ्यात. मागचे दोन बऱ्याचदा गप्पच असतात. टीव्हीचा आवाज होम थिएटरला नेणारी एआरसीची वायर आहे. भारीतला सेंटर घ्यावा का?

उत्तर : अजिबात घेऊ नका. पिक्चरमधलं बोलणं जवळपास सगळं सेंटरमधूनच येतं आणि तोच स्पीकर तुम्ही शोकेसमध्ये कोंडलाय, आवाज आतल्या फळ्यांवर आपटून घुमतो आणि शब्दांचा गिचका होतो. आधी तो फळीच्या पार काठापर्यंत पुढं ओढा. मग पुढच्या कडेखाली दोन खोडरबर सरकवा म्हणजे तोंड जरा वर, आईंच्या कानाकडं होईल. साताऱ्याला आमच्या घरी हेच केलं, दहा रुपयांत काम झालं, आजही ते खोडरबर तिथंच आहेत.

आता सबवूफर. कोपऱ्यात दोन्ही भिंती आणि फरशी मिळून बास, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, फुगवतात, त्यात बोलणं बुडतं. त्याला उचलून सोफ्यावर आईंच्या जागी ठेवा, बासवालं गाणं लावा आणि तुम्ही भिंतीकडेनं रांगत फिरा, कान फरशीजवळ ठेवून. जिथं ढोल घुमत नाही, ठोका सुटा सुटा ऐकू येतो, सबची जागा ती. घरचे हसतील, हसू द्या. क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबकडं जातो ती सीमा) 80 हर्ट्झला ठेवा आणि मेनूत बाकीचे स्पीकर 'स्मॉल' करा, म्हणजे त्यांचा बास सबकडं जाईल.

अँपबरोबर (सगळे स्पीकर जोडलेला डबा) आवाज मोजून आपोआप सेटिंग करणारा माइक आला असेल तर ती सेटिंग पुन्हा एकदा करून घ्या, फक्त माइक हातात धरू नका, सोफ्यावर कानाच्या उंचीला कशावर तरी ठेवा आणि पंखा, मिक्सर सगळं बंद. माइक नसेल तर टेप घेऊन बसायच्या जागेपासून प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजून मेनूत भरा. आवाजाला एक मीटर यायला साधारण 3 मिलिसेकंद लागतात, त्या हिशोबानं अँप जवळच्या स्पीकरला थांबवून धरतो.

मागच्या दोघांचं म्हणाल तर केबलवर बरंचसं दोन चॅनेलचंच येतं, ते गप्प बसणारच, रिमोटवरून सराउंड मोड लावा. पण ओटीटीवर 5.1 चा पिक्चर असूनही गप्प असतील तर टीव्हीचं साउंड आउटपुट बघा, तिथं पीसीएम असणार, साध्या एआरसीवरून पीसीएम दोनच चॅनेल जातं. बिटस्ट्रीम किंवा पासथ्रू करा, म्हणजे 5.1 चा आवाज जसाच्या तसा अँपकडं जाईल. ते दोन्ही स्पीकर तुमच्या बाजूला, किंचित मागं, कानापेक्षा फूट-दोन फूट वर हवेत, पार छताला नकोत. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर जमेल तेवढा पुढं घ्या. नुसती फरशी असेल तर सतरंजी अंथरा, जाड पडदे लावा, फरक लगेच कळतो.

हे सगळं झालं की आईंना त्यांच्या जागी बसवा, बोलण्याचा एकच सीन परत परत लावा आणि सेंटरचा आवाज मेनूत एकेक डीबीनं (डेसिबल, आवाजाचं माप) वाढवत जा, दोन-तीन डीबीत त्या 'पुरे' म्हणतील. रात्री बघताना नाइट मोड चालू ठेवा, दणका खाली येतो आणि हळू बोललेलंही ऐकू येतं.