बाळांचा आजार म्हणून क्लेम नाकारला, पेशंट मात्र ३८ वर्षांचा

ताई, रिजेक्शन लेटर दोनदा वाचलं. म्हणजे मिस्टर ३८ वर्षांचे, कावीळ झपाट्याने वाढली, लिव्हर बायोप्सीत (लिव्हरचा तुकडा काढून केलेल्या तपासणीत) जायंट सेल हेपेटायटिस, म्हणजे लिव्हरच्या सुजेचा एक प्रकार, निघाला, आणि इन्शुरन्सवाले म्हणतायत की हा तान्ह्या बाळांचा आजार, म्हणजे जन्मजात, म्हणजे कव्हर नाही. वर लहानपणीची कावीळ लपवली हेही चिकटवलंय.

जन्मजातवाला मुद्दा टिकणार नाही. बाळांमध्ये हे जास्त दिसतं खरं, पण जायंट सेल ही बायोप्सीतली खूण आहे, एकेका फुगलेल्या पेशीत कितीतरी केंद्रकं, त्यावरून आजार कधी सुरू झाला ते कसं कळणार? मोठ्यांमध्ये ऑटोइम्यून त्रास, व्हायरस, काही औषधं अशी कारणं सापडतात, कधी सापडतही नाहीत, आणि डॉक्टर त्याला पोस्ट-इन्फंटाइल म्हणतात, म्हणजे तान्हेपणानंतरचा, आता नावातच उत्तर आहे ना! १९९१ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये १० पेशंटचा पेपर आला होता, त्यात ४१ वर्षांपर्यंतचे पेशंट आहेत, त्याची प्रिंट जोडा. पॉलिसीआधीच्या चेकअपमधला नॉर्मल एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) पण जोडा, आणि लिव्हरच्या डॉक्टरांकडून लेटर घ्या की आजार कधी सुरू झाला आणि तो जन्मजात का नाही. एक्सक्लुजन, म्हणजे 'हे कव्हर नाही' असं सांगणारी अट, लागू होतं हे दाखवायचं ओझं साधारणपणे कंपनीवर असतं, तुमच्यावर नाही.

काळजी मला लहानपणीच्या कावीळीची वाटते. अॅडमिट करताना मिस्टर सहज बोलून गेले, 'लहानपणी एकदा झाली होती', आणि ज्युनियर डॉक्टरने ते केस पेपरवर लिहिलं. आता पॉलिसी घेताना भरलेला प्रपोजल फॉर्म काढा आणि प्रश्नाचे शब्द बघा. 'सध्या लिव्हरचा आजार आहे का' असं विचारलं असेल तर 'नाही' हे खरंच उत्तर होतं. 'कधीही कावीळ झाली होती का' असं असेल तर मात्र उत्तर चुकलं, तिथे उगाच ताणू नका, त्या कावीळीचा या आजाराशी संबंध नाही यावर भांडा. ती हेपेटायटिस ए असेल तर तो कायमचा राहत नाही, पण हे डॉक्टरांनी लिहून द्यायला हवं, मी नाही. इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी विम्याच्या एका खटल्यात १७६६ मध्येच सांगितलंय की माहीत असलेलं लपवू नये, आणि ते दोन्ही बाजूंना लागू आहे. जे ठाऊकच नव्हतं ते लपवणार कसं?

आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या, पोच घ्या, मग विमा लोकपाल किंवा ग्राहक कोर्ट. मुदत बहुतेक नकाराच्या तारखेपासून मोजतात, म्हणून लेटरचं पाकीट पण जपून ठेवा. आणि केस चालू आहे म्हणून स्टिरॉइडच्या गोळ्या थांबवू नका, बिलं ठेवत जा.