मासिकाच्या संपादकाने राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहून कधी काही बदललंय का?

प्रश्नाखाली असंही विचारलंय की असं पत्र जाहीर छापलेलं बरं की खासगीत पाठवलेलं, आणि शेवटी ती सगळी केराच्या टोपलीतच जातात ना.

जातात, बहुतेक. पण एक पत्र नाही गेलं आणि ते माझं फार लाडकं आहे, त्यामुळे त्याच्यावरच जास्त लिहितो, चालवून घ्या.

सारा जोसेफा हेल. अमेरिकेत फिलाडेल्फियाहून 'गोडीज लेडीज बुक' नावाचं बायकांचं मासिक निघायचं, त्याची ही संपादिका. कथा, कविता, शिवणाचे नमुने, हाताने रंगवलेली फॅशनची चित्रं असा सगळा मालमसाला, आणि १८६० च्या सुमाराला खप दीड लाखाच्या घरात, त्या काळात म्हणजे काय चेष्टा नाही. १८२२ मध्ये नवरा गेला, पाच लेकरं पदरात, तेव्हापासून बाईने जन्मभर काळेच कपडे घातले आणि फॅशनचं मासिक मात्र चाळीस वर्षं चालवलं, आता बोला. (शाळेत पाठ केलेली ती मेरी आणि तिच्या कोकराची इंग्रजी कविता १८३० मध्ये हिच्याच पुस्तकात आली.)

तिच्या डोक्यात एकच खूळ होतं, थँक्सगिव्हिंग, म्हणजे देवाचे आभार मानायचा अमेरिकन सण. तेव्हा हा सण मुख्यतः ईशान्येकडच्या राज्यांचा, आणि ज्या त्या राज्याचा गव्हर्नर ज्याला त्याला सोयीची तारीख जाहीर करायचा. बाईंचं म्हणणं, सगळ्या देशाने एकाच दिवशी करा, नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार. दरवर्षी अग्रलेख, गव्हर्नरांना पत्रांवर पत्रं, लिंकनच्या आधीच्या राष्ट्राध्यक्षांनाही लिहून झालं, पण त्या राष्ट्राध्यक्षांपैकी कोणी हललं नाही.

मग २८ सप्टेंबर १८६३. अमेरिकेतलं उत्तर विरुद्ध दक्षिण यादवी युद्ध ऐन भरात, जुलैत गेटिसबर्गला तीन दिवसांत दोन्हीकडचे मिळून पन्नास हजारांच्या आसपास मेले, जखमी झाले नाहीतर बेपत्ता झाले, आणि जेमतेम आठवड्यापूर्वी चिकामॉगाला उत्तरेच्या, म्हणजे लिंकनच्याच, सैन्याने सपाटून मार खाल्लेला. अशा वेळी चौऱ्याहत्तर वर्षांची एक संपादिका लिंकनला लिहिते की सणाचं तेवढं बघा. ऐकायला वेडेपणा वाटतो ना? मलाही वाटला होता, पण लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर लिंकनच्या कागदपत्रांत ते पत्र आहे ते नीट वाचलं आणि टोपी उतरवली.

वरच्या कोपऱ्यात लिहिलंय 'खासगी'. सुरुवातीला आपली ओळख लेडीज बुकची संपादिका म्हणून, मग तुमची थोडी मिनिटं हवीत वगैरे, आणि लगेच मुद्दा. सणाच्या गोडव्यांवर फार वेळ घालवलेला नाही, बाई थेट कायद्यात घुसते. ती म्हणते, प्रत्येक राज्याने कायदा करून आपल्या गव्हर्नरवर हा गुरुवार बंधनकारक करायला पाहिजे, पण त्याला वर्षानुवर्षं लागतील, त्यापेक्षा राष्ट्राध्यक्षांनी जाहीरनामा काढणं सगळ्यात खात्रीचं. पण राज्यांवर तुमचा हुकूम चालत नाही हे ती ओळखून आहे, म्हणून पुढची चाल बघा: राजधानीचा जिल्हा, अजून राज्याचा दर्जा न मिळालेले प्रदेश, लष्कर, आरमार आणि परदेशातले अमेरिकन नागरिक हे तर तुमच्याच अखत्यारीत येतात ना, मग त्यांच्यासाठी जाहीरनामा काढा आणि गव्हर्नरांना नुसतं आवाहन करा की तुम्हीही तोच दिवस धरा. वर हेही सांगते की या विषयावर परराष्ट्रमंत्री सुअर्डना लिहिलंय, तुमच्याशी बोला म्हणून. आणि घाई करा, कारण उशीर झाला तर गव्हर्नर आपापल्या तारखा जाहीर करून मोकळे होतील!

म्हणजे फाइल इतकी तयार करून पाठवली की समोरच्याने फक्त सही करायची.

३ ऑक्टोबरला जाहीरनामा निघाला. मधे फक्त पाच दिवस. मसुदा सुअर्डच्या हातचा, सही लिंकनची. आणि त्यातलं आवाहन कोणाला आहे बघा, देशाच्या सर्व भागांतल्या नागरिकांना, शिवाय जे समुद्रावर आहेत आणि जे परदेशात आहेत त्यांनाही. आरमार आणि परदेशातले नागरिक, बाईंच्या यादीतली माणसं. आता लिंकनने त्याच वर्षी ऑगस्टमध्येही विजयाबद्दल असा एक दिवस जाहीर केला होता, त्यामुळे कल्पना त्याला नवी होती असं नाही, सगळं श्रेय बाईंना देऊन टाकणारे लेख वाचले की मला जरा हसू येतं. पण नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार, २६ तारीख, हा हट्ट बाईंचाच.

जाहीर की खासगी यावर आता. वर्षभर आधीचंच उदाहरण घ्या, हा वर्तमानपत्रवाला आहे, मासिकवाला नाही, पण जुळतंय म्हणून सांगतो. न्यूयॉर्क ट्रिब्यूनच्या होरेस ग्रीलीने २० ऑगस्ट १८६२ ला लिंकनला जाहीर पत्र छापलं, दोन कोटी लोकांची प्रार्थना असं मथळ्यात म्हणून, आणि गुलामांच्या सुटकेवरून त्याला चांगलंच झापलं. लिंकनने दोनच दिवसांत उत्तर लिहिलं आणि तेही वर्तमानपत्रात आलं: माझा मुख्य हेतू संघराज्य वाचवणं, एकही गुलाम मुक्त न करता ते होत असेल तर तसं करीन, सगळे मुक्त करून होत असेल तर तसं करीन. गंमत अशी की गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याचा कच्चा मसुदा त्याने जुलैतच मंत्र्यांना वाचून दाखवला होता! म्हणजे ग्रीलीच्या पत्राने निर्णय हलला नाही, लिंकनला लोकांशी बोलायला आयतं निमित्त मिळालं. तोही उपयोगच म्हणा, पण संपादकाला हवा होता तो नाही.

विसाव्या शतकातलं हवं असेल तर सॅटरडे रिव्ह्यूचे संपादक नॉर्मन कझिन्स बघा, १९६३ मध्ये अणुचाचणी बंदीवरून राष्ट्राध्यक्ष केनेडी आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्यामध्ये निरोप्याचं काम केलं, केनेडींना पत्र लिहून शांततेवर मोठं भाषण करा म्हणून सुचवलं, जूनमध्ये भाषण झालं, ऑगस्टमध्ये मॉस्कोत करारावर सह्या. पण तिथे पत्रापेक्षा प्रत्यक्ष भेटींचा वाटा मोठा, म्हणून हेलबाईच माझ्या यादीत वर.

आणि हो, लेडीज बुकच्या मालकाचा, गोडीचा, दंडक होता की अंकात राजकारण नको, त्यामुळे अख्खं युद्ध चालू असताना मासिकात त्याचा उल्लेख औषधालाच. युद्धाच्या मधोमध बसलेल्या राष्ट्राध्यक्षाला पत्र लिहिणारी बाई अंकात मात्र झालरी आणि टोप्यांची चित्रं छापत होती. १८७७ मध्ये, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, तिने संपादकाची खुर्ची सोडली, १८७९ मध्ये गेली. तोपर्यंत नंतरचे राष्ट्राध्यक्ष दरवर्षी न चुकता जाहीरनामा काढायला लागले होते. कायदा मात्र व्हायला १९४१ उजाडलं, तोही राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने दुकानदारांच्या सोयीसाठी तारीख आठवडाभर अलीकडे ओढून गोंधळ घातला तेव्हा, आणि त्यात शेवटचा नाही, चौथा गुरुवार ठरला.