डस्टर आपटला की पोरगं बेंचखाली

प्रश्न : ताई, मी करवीर तालुक्यात झेडपीच्या शाळेत पाचवीला शिकवते. वर्गातला एक मुलगा, वडील दारू पिऊन आईला मारायचे ते बघतच मोठा झालाय, आता आज्जीकडं असतो. परवा गोंगाट थांबावा म्हणून मी डस्टर आपटला तर हा कान दाबून बेंचखाली, आणि पोरं हसायला लागली. कधी एकदम कुणाच्या अंगावर धावून जातो, कधी तासभर गप्प. शिस्त लावू की सोडून देऊ?

उत्तर : मॅडम, हा हट्टीपणा नाही हो. ज्या घरात रात्री कधी काय होईल सांगता येत नाही तिथं पोराचं अंग कायम सावध राहायला शिकतं, आवाज झाला की डोकं चालायच्या आधी पाय पळतात. 2019 च्या महापुरानंतर चिखली-आंबेवाडीकडची पोरं मी बघितलीत, पाऊस वाढला की फळ्याकडं लक्षच नसायचं, सगळं ध्यान खिडकीबाहेर.

तर आधी डस्टर आपटणं बंद. हात वर करून गप्प उभं राहायचं, दोनचार दिवसात पोरांना कळतं. त्याला भिंतीला पाठ आणि समोर दार दिसेल अशी जागा द्या. दिवसभराचे तास सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात लिहा आणि काही बदलणार असेल तर त्याला आधी जाऊन सांगा, अशा पोरांना अचानक काही झालेलं सोसत नाही.

परत बेंचखाली गेला तर ओढून काढू नका, थोडं लांब खाली बसा, हळू आवाजात "मी हितंच हाय" एवढंच म्हणा. काय झालं, घरी काय होतं, हे पोरांसमोर कधीच विचारू नका, आणि स्टाफरूममध्ये त्याची कहाणी फिरू देऊ नका, हे मी हात जोडून सांगते. मारामारी केली तर सोडायचं नाही, पण तो शांत झाल्यावरच बोलायचं. तेव्हा त्याला सांगा, "मारायचं नाही, राग आला तर पाणी प्यायला जा, मला विचारायचीही गरज नाही."

अजून कुठं मार बसतोय असं वाटलं तर मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, 1098 ला फोन करा. लैंगिक त्रासाचं काही बोलला तर पोक्सो कायद्यानं कळवावंच लागतं. झोप, जेवण बिघडलं असेल तर कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार विभागात दाखवा, नाहीतर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे, मोफत.

आणि आज्जीला शाळेत बोलवाल तेव्हा आधी त्यानं काय चांगलं केलं ते सांगा. शाळेतनं निरोप आला की ती माऊली रस्ताभर घाबरतच येत असणार.